मागे ऐकू येतंय का?

"बाबा, आज तरी तो डबा घरी ठेवायचा," मुलगी म्हणाली. "माझं नवं मशीन गाडीत आहे. मी लावते. तुम्ही खुर्ची घ्या आणि निवांत भाषणं ऐका."

माइकवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे भिंतीला लागून एक टेबल होतं. त्यावर त्याने आपलं जुनं मशीन ठेवलं, फडक्याने पुसलं, पिन खोचली आणि माइकची वायर कडेकडेने थेट व्यासपीठापर्यंत नेऊन ठेवली. मशीनच्या उजव्या अंगाला एक काळा खटका होता. अंगठा टेकतो नेमकी तिथे त्याची काळी झिलई उडून पांढरा ठिपका पडला होता.

"आज कंपाउंडरसाहेबांची शेवटची सभा आहे," तो म्हणाला. "त्यांना हेच मशीन लागतं."

"आणि ऐन वेळी गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. तिने आवाजाच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. शहरात सहा वर्षं मोठमोठ्या कार्यक्रमांचा आवाज सांभाळून ती आता बापाचं दुकान चालवायला परत आली होती. दुकानात नवं सामान आलं होतं, भिंतींना रंग लागला होता. उद्या सकाळी पेंटर नवी पाटी रंगवायला येणार होता. आठ दिवस तिच्या ओठांवर एक वाक्य येत होतं आणि परत जात होतं. वायरींचं वेटोळं सोडवता सोडवता ते आज निसटलंच.

"बाबा, रागावू नका. पण पाटीवर तुमचं नाव नको."

माइकवाल्याचा हात थांबला नाही. "बरं," तो म्हणाला.

"लोक नाव वाचतात आणि हसतात हो. काल एक जण लग्नाची ऑर्डर द्यायला आला, पाटी बघितली आणि 'चुकून आलो' म्हणून गेला. मला काय बरं वाटतं का असं बोलताना?"

"बरं म्हटलं ना," माइकवाला म्हणाला आणि फडकं उगाच दुसऱ्यांदा फिरवू लागला.

मुलीचं काही चुकत नव्हतं. भर सभेत माइक बंद पडावा तर याचाच, अशी त्याची चौतीस वर्षांची ख्याती होती. गावात तो एक वाक्प्रचारच होऊन बसला होता. कोणाची स्कूटर चढावर बंद पडली की लोक विचारत, "माइकवाल्याकडून घेतलीस का?" नवरा मुलगा लग्नाला उशिरा आला तर "ऐन वेळी माइकवाला झाला" म्हणत. परक्यांचं सोडा, त्याच्या सख्ख्या मेहुण्याने स्वतःच्या लग्नात माइक शेजारच्या गावातून मागवला होता. माइकवाला त्या लग्नात पाहुण्यांसारखा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि दुसऱ्याच्या माइकमधून स्वतःच्या मेहुण्याचं कौतुक ऐकत होता. घरी आल्यावर बायको रडली. "माझा पाठचा भाऊ, आणि त्यालाही तुमचा भरवसा वाटू नये?" तेव्हा खरं काय ते माइकवाल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. मग तो उठला, माठातलं ग्लासभर पाणी प्याला आणि ते पाण्याबरोबर गिळून टाकलं.

कारण खरं असं होतं की त्याचा माइक आयुष्यात एकदाच बिघडला होता.

ती गोष्ट कंपाउंडरच्या पहिल्या निवडणुकीतली. कंपाउंडर तेव्हा खरोखरीच कंपाउंडर होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाल-पिवळी मिक्श्चरं करायची, बाटलीवर कागदाची खाचांची पट्टी चिकटवायची आणि खिडकीतून "हलवून घ्या, जेवणानंतर घ्या" म्हणून बाटली हातात द्यायची, हे त्याचं काम. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाचं दुखणं त्याला पाठ होतं, आणि दुखणं ठाऊक असलेल्या माणसाला मत द्यायला लोक तयार असतात. नगरपालिकेला तो उभा राहिला. माणूस कामाचा वाघ. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते या माणसाला बघूनच कोणीतरी म्हटलं असावं. समोर चार माणसं बसलेली दिसली की त्याला त्यांचं इतकं प्रेम यायचं की काय देऊ आणि काय नको असं व्हायचं. त्या सभेत त्याने आधी रस्त्यावर दिवे दिले, मग नळ दिले. मग "मी तर म्हणतो" असं म्हणून शंभर खाटांचं हॉस्पिटल दिलं. टाळ्या पडल्या. मग "मी तर म्हणतो, आपल्या तळ्यात नावा सोडू, लोक संध्याकाळी फिरायला येतील!" गावात तळं नव्हतं. टाळ्या तरीही पडल्या. कंपाउंडरने बाही सरसावली. "मी तर म्हणतो, वर्षाच्या आत हे सगळं झालं नाही, तर मी—"

आणि पिन सैल होऊन माइक गेला.

तो काय म्हणाला ते पहिल्या रांगेलाही कळलं नाही. माइकवाल्याने घाम पुसत पिन बसवली, तोवर अध्यक्षांनी सभा आटोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर दुकानाच्या पायरीवर हजर. माइकवाल्याने हात जोडले.

"साहेब, चूक झाली. पुन्हा नाही होणार."

"पुन्हा नाही झाली तर मी मेलो," कंपाउंडर म्हणाला आणि पायरीवर बसला. "अरे, मी राजीनाम्याची पैज लावणार होतो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तळं कुठून आणू मी? आता नीट ऐक. मी 'मी तर म्हणतो' असं म्हटलं, की समजायचं, डोस जास्त होतोय. बाटलीला बूच लावायचं."

"म्हणजे माइक बंद करायचा?"

"बिघडवायचा. बंद केलास तर लोक म्हणतील, याचं तोंड दाबलं. बिघडला तर बिचारा माइक. काय?"

"आणि माझं नाव खराब होईल त्याचं काय?"

खोटं बोलायचं कंपाउंडरच्या मनातही आलं नाही. "होईल," तो म्हणाला. "नको म्हणालास तर मी उठतो आणि जातो. राग नाही."

माइकवाला अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या आईचं दुखणं सहा महिने चाललं होतं, तेव्हा हाच माणूस रोज संध्याकाळी बाटली घेऊन घरी यायचा आणि उंबऱ्यातूनच "आज जेवल्या का?" विचारून जायचा. माइकवाल्याने हो म्हटलं. दोघांनी चहा घेतला आणि ही गोष्ट तिसऱ्या कानाला कळू द्यायची नाही असं ठरलं.

मग माइकवाल्याने या कामाचीही कला केली. काम कोणतंही असो, मन लावून करायचं हा त्याचा स्वभाव. रोज एकाच तऱ्हेने माइक गेला तर लोकांना संशय येईल, म्हणून त्याने तीन बिघाड बसवले. पहिला, कानठळ्या बसवणारी शिट्टी. दुसरा, पापड भाजल्यासारखी खरखर. तिसरा, साफ शांतता. कधी तो "मी तर"लाच कापायचा, कधी अर्धं वाक्य सुटू द्यायचा. मग वाकून स्क्रू फिरवल्याचं नाटक, पिनेवर फुंकर, "हॅलो, चेक, एक, दोन, तीन." तोवर कंपाउंडर पाण्याचा घोट घेऊन भानावर आलेला असायचा. माइक सुरू झाला की तो ठरल्याप्रमाणे विचारायचा, "मागे ऐकू येतंय का?" आणि माइकवाला न बोलता हात वर करायचा.

पुढे जे झालं त्याचा हिशेब दोघांपैकी कोणीच केला नव्हता. कंपाउंडर बोलायचा डझनभर गोष्टी, लोकांना ऐकू जायच्या चार. आणि त्या चारांसाठी तो सकाळी सातपासून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायचा, कारकुनाच्या टेबलासमोर डबा उघडून बसायचा आणि सही झाल्याशिवाय झाकण लावायचा नाही. दिवे आले. नळ आले. बायकांच्या दवाखान्याला वेगळी इमारत आली. शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर पूल आला. जेवढं ऐकू गेलं तेवढं झालं, आणि लोक म्हणू लागले, कंपाउंडरचा शब्द म्हणजे शब्द! नगरपालिकेतून तो विधानसभेत गेला, पाच वेळा गेला. अकरा महिने मंत्रीही झाला. खातं मिळालं मुद्रण आणि लेखनसामग्रीचं, पण त्याने ते असं चालवलं की त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी वह्या शाळेत. पोस्टमन मात्र लाल दिव्याच्या गाडीसमोर सायकल लावून ओरडायचाच, "ओ कंपाउंडर, पत्र!"

एकदाच पडला. त्याच्या आदल्या निवडणुकीत माइकवाला टायफॉईडने अंथरुणाला खिळला होता आणि पक्षाने शहरातून झकास माइक मागवला. काय त्याचा आवाज! शेवटच्या खुर्चीपर्यंत घंटेसारखा. कंपाउंडर निवडून आला, पण त्या प्रचारात त्याने अठरा वचनं दिली आणि अठराच्या अठरा ऐकू गेली. पाच वर्षांत कशीबशी सहा पुरी झाली. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं. निकालाच्या संध्याकाळी तो माइकवाल्याच्या दुकानात आला आणि म्हणाला, "बाबा रे, तू आजारी पडत जाऊ नकोस." दोघं इतके हसले की बायको आतून बघायला आली, हरलेल्या माणसाला एवढं हसू कसलं येतंय म्हणून.

आता कंपाउंडर एकाहत्तर वर्षांचा झाला होता. गुडघे बोलू लागले होते. त्याने यंदा उभं राहायचं नाही असं स्वतःच ठरवलं, आणि गावाने ही निरोपाची सभा ठेवली.

चार वाजता सभागृह भरलं. खुर्च्या पुरेनात म्हणून लोक खिडक्यांत बसले. शेवटच्या रांगेत, माइकवाल्याच्या अगदी पुढ्यात, त्याचा मेहुणा येऊन बसला. मागे वळून त्याने मशीन बघितलं. "भाऊजी, आज टिकेल ना?" शेजारच्यांनी तोंडावर हात धरून हसून घेतलं. माइकवाल्याची मुलगी लाल झाली आणि वायर तपासायचं निमित्त करून खाली वाकली.

कंपाउंडर बोलायला उठला तेव्हा टाळ्या थांबेनात. त्याने हात वर केला. दवाखान्यातल्या गमती सांगितल्या, कारकुनांच्या सांगितल्या, स्वतःच्या पडण्याची सांगितली. लोक पोट धरधरून हसले. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"आता एक कबुली द्यायचीय," तो म्हणाला. "ती दिल्याशिवाय मी घरी गेलो तर मला जेवण जाणार नाही. तुम्ही म्हणता, कंपाउंडरचा शब्द म्हणजे शब्द. मी तर म्हणतो—"

खट्.

माइकवाल्याने काही ठरवलं नव्हतं. अंगठा आपणहून गेला होता. चौतीस वर्षांची सवय.

सभागृहात हशा उसळला. "गेला! गेला!" "ऐन वेळीच गेला!" खिडकीतला कोणीतरी शिट्टी वाजवून मोकळा झाला. मेहुण्याने मांडीवर थाप मारली.

आणि मग माइकवाल्याला उमगलं की कंपाउंडर कशाची कबुली देणार होता. शेवटच्या दिवशी हा माणूस स्वतःच्या नावावर स्वतःच्या हाताने पाणी फिरवणार! उद्या लोक म्हणतील, शब्दाचा पक्का कसला, माइक बंद करून घेणारा! त्याने अंगठा खटक्यावर तसाच दाबून धरला.

"बाबा, सरका," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "मी बघते." ती मशीनवर वाकली. दिवे लागलेले होते. फ्यूज शाबूत होता. पिन घट्ट होती. तिने एकेक वायर हलवून बघितली आणि शेवटी तिची नजर बापाच्या अंगठ्यावर आली. अंगठ्याखाली खटका खाली दाबलेला होता आणि त्यावरचा पांढरा ठिपका बरोबर अंगठ्याएवढा होता. तिच्या धंद्यातलं तिला शिकवायला नको होतं. इतका झिजलेला खटका तिने जन्मात पाहिला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "हे बिघडलेलं नाही."

"गप्प बस."

"तुम्ही बंद केलंय!"

"गप्प बस म्हटलं ना!"

व्यासपीठावर कंपाउंडरने माइककडे बघितलं, मग थेट सभागृहाच्या टोकाला बघितलं आणि त्याच्या मिशीत हसू आलं. त्याने माइक बाजूला ठेवला. काठी टेकत दोन पायऱ्या उतरून तो पहिल्या रांगेसमोर आला. वयाने आवाज बसला होता, तीन रांगांपलीकडे जाणारा नव्हता. तो एक वाक्य बोलला आणि थांबला. पहिल्या रांगेतले लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले. मग कंपाउंडरने हाताने खूण केली, मागे सांगा.

पहिली रांग वळली आणि दुसरीला सांगू लागली. दुसरी वळली आणि तिसरीला. माइकवाला टेबलामागून बघत होता. हसू थांबत होतं, रांगेमागून रांग. सांगून झालेली माणसं परत व्यासपीठाकडे वळत नव्हती. ती मान उंच करून त्याच्याकडे बघत होती. ते वाक्य एकेक रांग ओलांडत त्याच्याच दिशेने येत होतं आणि त्याला पळायला मागे भिंत होती.

शेवटून दुसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी मेहुण्याच्या कानाशी तोंड नेलं. मेहुण्याचा चेहरा बदलला. तो उभा राहिला आणि मागे वळला.

"भाऊजी," तो म्हणाला. "ते म्हणतायत... पहिली सभा सोडली तर तुमचा माइक कधी बिघडलाच नव्हता."

दुसरं वाक्य आलं. "म्हणतायत, मी जास्त बोलायला लागलो की तो बंद करायचा. मीच सांगितलं होतं त्याला."

मग तिसरं आलं. मेहुण्याने ते ऐकलं आणि शब्दाला शब्द जोडत सांगितलं, "म्हणतायत, मी तुम्हाला दिलेला शब्द पाळला, कारण जो पाळता आला नसता तो यानं तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही. माझं नाव झालं, याचं गेलं. आज ते त्याला परत करतोय."

पुढे मेहुण्याने स्वतःचं एक वाक्य जोडलं. "आणि माझ्या लग्नात... भाऊजी, मी गाढव आहे."

"ते आम्हाला ठाऊक होतं," नर्सबाई म्हणाल्या.

कोण आधी उठलं कळलं नाही, पण सगळं सभागृह उभं होतं आणि तोंड व्यासपीठाकडे नव्हतं. कंपाउंडरकडे पाठ करून लोक टाळ्या वाजवत होते, आणि कंपाउंडर काठी काखेत धरून त्यांच्यात सर्वांत जोराने वाजवत होता. त्याच्या नावाला काडीचाही धक्का लागला नव्हता. उलट, आपल्या जिभेला लगाम घालायला माणूस ठेवणारा पुढारी आपल्याच गावात निघाला, म्हणून लोक खूश होते. माइकवाल्याला डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं. त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

मुलीने त्याचा अंगठा खटक्यावरून हळूच उचलला आणि हात आपल्या हातात धरून ठेवला. "आईला तरी सांगायचंत," ती म्हणाली. खटका तिनेच वर केला.

कंपाउंडर पायऱ्या चढून पुन्हा माइकपाशी गेला. त्याने बोटाने टकटक केली. कर्ण्यातून टकटक आली. त्याने घसा साफ केला आणि डोळे मिचकावले.

"मी तर म्हणतो—"

सगळं सभागृह गर्रकन मागे वळलं. माइकवाल्याने मोकळा हात हवेत उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा, मशीनपासून दूर. असा हशा त्या छपराखाली पूर्वी कधी झाला नव्हता.

मग कंपाउंडर सुटला. खुर्ची गेली होती, पद गेलं होतं, आता कोण कशाला धरणार? तो म्हणाला, गावाला तळं आणतो. तळ्यात नावा सोडतो, निळ्या आणि पिवळ्या, म्हाताऱ्यांना फुकट. तळ्याच्या मध्यभागी बेट करतो, बेटावर बाकडी टाकतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी गावातले सगळे चढ उताराचे करतो, जाताना आणि येतानाही! प्रत्येक वचनाला लोक टाळ्या वाजवत होते आणि "अजून! अजून!" ओरडत होते. माइकवाला ऐकत होता. "मी तर म्हणतो"च्या पुढे काय असतं ते चौतीस वर्षांत त्यानेही धड ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, किती छान बोलतो हा माणूस.

शेजारी मुलगी एका कानात बोट घालून फोनवर पेंटरशी बोलत होती. "हो, जुनंच नाव. हो हो, बाबांचंच. नाही, लहान नको, चांगलं मोठं काढा. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे." तिचा दुसरा हात अजून बापाच्या हातात होता.

कंपाउंडर दमला. त्याने पाण्याचा घोट घेतला, रुमालाने मिशी पुसली आणि सवयीने विचारलं,

"मागे ऐकू येतंय का?"

माइकवाल्याचा हात सवयीने वर जाऊ लागला, पण मुलीने तो घट्ट धरला होता. तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि ज्या सभागृहात तो आजवर "हॅलो, चेक, एक, दोन, तीन" यापलीकडे एक अक्षर बोलला नव्हता, तिथे माइकशिवाय, छातीतून ओरडला,

"येतंय!"